मावशींच्या सहीचं पेन

आज घरी गेल्यावर एक काम करा. स्वयंपाकघरातला एखादा जुना पितळी डबा, तांब्या नाहीतर स्टीलचं ताट घ्या आणि त्याचा काठ नीट न्याहाळा. बारीक टिंबाटिंबांनी काहीतरी लिहिलेलं सापडेल. कुणाचं तरी नाव, एखादी तारीख, 'मामाकडून सप्रेम भेट' असं काहीबाही. आपल्याकडे भांडं विकत घेतलं की दुकानदार विचारतोच, "नाव काय घालायचं?" पूर्वी दुकानातला माणूस छोटी छिन्नी आणि हातोडी घेऊन टकटक करत एकेक टिंब पाडायचा. आता विजेवर थरथरणारं यंत्र आलंय. काम झटपट होतं, पण आवाज असा की दातांच्या दवाखान्याची आठवण यावी!

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी गेल्या वर्षी काम सोडणार होत्या. गुडघे दुखायचे, चुलीपुढं बसवत नव्हतं. चौथीच्या मुलांनी ठरवलं की मावशींना त्यांचं नाव असलेलं भांडं द्यायचं. सहज म्हणून एकीने त्यांना विचारलं, "मावशी, तुमच्याकडे नावाची भांडी आहेत का हो?" मावशी हसून म्हणाल्या, "बक्कळ हायेत. पर माझ्या नावाचं येक बी न्हाई. कशावर मालकांचं, कशावर सासऱ्यांचं."

त्या दिवशी वर्गात भांड्याचा बेत रद्द झाला आणि पेनाचा ठरला. त्याला कारण होतं. मावशी दोन वर्षांपूर्वीपर्यंत अंगठा उठवत. तांदूळ निवडता निवडता आमच्या मुलींनीच त्यांना सही शिकवली. मग त्यांना पेन द्यायचं, तेही धातूचं, आणि त्यावर नाव कोरलेलं!

असं पेन आमच्या दौंडकडच्या दुकानांत कुठं मिळणार? पण शिरूरला माझ्या ओळखीचे एक लेथवाले काका आहेत. (शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात.) एका रविवारी दोन मुलं आणि त्यांचे पालक अशी आमची फौज चौफुला, न्हावरा करत तिथं पोचली. काकांनी तीन सूत जाडीची पितळेची सळई काढली. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा तीन सूत म्हणजे किती, ते तुम्हीच काढा.

सळई लेथच्या चकात घट्ट आवळली आणि यंत्र सुरू झालं. सळई गरगर फिरते आणि हत्यार स्थिर असतं, हे पाहून मुलं चकित झाली. सर्वांत अवघड काम होतं रिफिलीसाठी लांब भोक पाडायचं. एवढं लांब ड्रिल सरळ जायला तयार नसतं. म्हणून काका थोडं भोक पाडत, ड्रिल बाहेर काढून किस झटकत आणि पुन्हा आत घालत. सोन्याच्या कणांसारखा किस खाली सांडत होता. मग पुढचं टोक निमुळतं केलं, मागच्या बाजूला आटे पाडले, त्यावर फिरकीचं टोपण बसवलं. पेन तयार! किराणा दुकानात तोललं तर साठ ग्रॅमच्या आसपास भरलं. मुलांच्या हाताला ते चांगलंच जड लागलं.

"आता नाव भांडीवाल्याकडून घालून घ्या," काका म्हणाले. पण गोल, गुळगुळीत पेनावर यंत्राचं टोक घसरतं. शिवाय भांडीवाला त्याच्या अक्षरात लिहिणार. आम्ही दुसरी रीत वापरायचं ठरवलं. हिला इंग्रजीत एचिंग म्हणतात. आपण खोदायचं नाही, धातू खायला लावायचा!

ही रीत काही नवी नाही. युरोपातले कारागीर चिलखतावर मेणाचा थर देत, सुईनं त्यावर नक्षी काढत आणि वर आम्ल ओतत. मेणाखालचा धातू वाचायचा, उघडा पडलेला झिजायचा. पुढं चित्रकारांनी ही युक्ती छपाईसाठी उचलली. जर्मनीतला थोर चित्रकार ड्यूरर याने १५१५ च्या सुमारास लोखंडी पत्र्यावर अशी चित्रं केली. आणि लांब कशाला जायचं? तुमच्या आजोबांच्या लहानपणी मासिकांत जी चित्रं छापली जात, ती जस्ताचे पत्रे आम्लात झिजवून केलेल्या 'ब्लॉक'वरूनच. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा सिनेमा दाखवणारे दादासाहेब फाळके त्याआधी आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याला, ब्लॉक करण्याचा धंदा करत होते. आज रेडिओ उघडलात तर आत तांब्याच्या रेषा असलेली हिरवी पाटी दिसते ना, तीही नको असलेलं तांबं असंच विरघळवून केलेली असते.

आम्ही आम्लाच्या वाटेला गेलो नाही, तुम्हीही जाऊ नका. आम्ही वापरलं मिठाचं पाणी आणि नऊ व्होल्टची छोटी बॅटरी. आधी काकांनी दिलेल्या उरलेल्या तुकड्यावर सराव केला. पितळ चिंचेनं घासून लख्ख केलं, त्यावर नेलपॉलिशचा थर दिला आणि सुईनं अक्षरं अशी ओरखडली की खालचं पितळ दिसावं. तुकडा बॅटरीच्या धन टोकाला जोडला. ऋण टोकाच्या तारेला कापूस गुंडाळून तो मिठाच्या पाण्यात बुडवला आणि अक्षरांवर टेकवला. चर्र असा बारीक आवाज आला, बुडबुडे आले आणि पांढरा कापूस हळूहळू हिरवट निळा झाला. म्हणजे काय झालं? पितळ हे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. विजेच्या ओढीनं त्यांचे कण पितळ सोडून पाण्यात उतरत होते. जिथं नेलपॉलिश होतं तिथं पाणी पोचत नव्हतं, म्हणून तिथलं पितळ जागच्या जागी राहिलं.

पहिला तुकडा साफ बिघडला. मी घाई केली होती. नेलपॉलिश पुरतं वाळलं नव्हतं, त्यामुळे पाणी खालून शिरलं आणि अक्षरांचे फराटे झाले. दुसरा चांगला जमला. मी ऐटीत तो वर्गात दाखवला, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, वेलांटी चुकली!"

मी मावशींच्या नावात वेलांटी दीर्घ काढली होती. हजेरीपटात ती ऱ्हस्व होती. रेशनकार्डावर पुन्हा दीर्घ. फळ्यावरचं चुकलं तर डस्टर फिरवता येतं, धातूवर काय फिरवणार? वर्गात दोन तट पडले. शेवटी गुपित फोडून मावशींनाच बोलवावं लागलं. त्या म्हणाल्या, "मी लिवते तशी लिवा की." मग त्यांच्याच हातात सुई दिली.

"आवं बाई, माझं हात थरथरत्यात."

"थरथरू द्या," मी म्हटलं.

नेलपॉलिश दिलेलं पेन मुलांनी दोन पुस्तकांच्या मधे घट्ट धरलं. मावशींनी पदरानं हात पुसला आणि एकेक रेघ सावकाश ओढली. चार अक्षरांना पाच-सात मिनिटं लागली. तिसरं अक्षर थोडं खाली उतरलं आणि वेलांटी ऱ्हस्वही नाही, दीर्घही नाही, अशी मधेच थांबली. ते पाहून एका मुलाने हळूच विचारलं, "बाई, पुसून परत काढू या?" पुसणं शक्य होतं, अजून वीज लावली नव्हती. पण मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. माझी सही अशीच हाय." दहा-दहा सेकंद करत एकूण चारेक मिनिटं कापूस टेकवला. पाण्यानं धुतलं, नेलपॉलिश काढायच्या द्रवानं थर पुसला, खोलगट अक्षरांत काळा ऑइलपेंट भरला आणि वरचा पुसून घेतला. सही जशीच्या तशी उमटली, खाली उतरलेल्या तिसऱ्या अक्षरासकट.

"चिंचंनं घासलं तर जाईल का वो?" मावशींना काळजी. रंग कदाचित जाईल, पण अक्षर जाणार नाही. ते पितळेच्या आत आहे.

धातूवरची अक्षरं किती टिकतात, ते सांगते. विदर्भात राज्य करणाऱ्या वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिने सुमारे १६०० वर्षांपूर्वी एक गाव दान दिलं आणि ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरून ठेवलं. ते ताम्रपट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांना मिळाले, ते पुण्यातल्या एका तांबटाकडे. त्याचं घराणं मूळचं नगरचं, म्हणजे घोडनदीपलीकडच्या जिल्ह्यातलं. तिथं ते पत्रे त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या जपलेले होते. तांबटाचं घर म्हणजे मोडीतलं तांबं वितळवणारं घर, हे लक्षात घ्या!

पालकांना दोन शब्द. हा प्रयोग मोठ्या माणसानं सोबत बसूनच करावा, आणि उघड्या पडवीत, कारण मिठाच्या पाण्यातून थोडा क्लोरीन वायू सुटतो. घरच्या विजेला हात लावायचा नाही, छोटी बॅटरी पुरते. स्टीलवर हे करू नका. स्टीलमध्ये क्रोमियम असतं, ते पाण्यात उतरलं की घातक. हिरवा कापूस आणि उरलेलं पाणी विषारी असतं, ते झाडांना घालू नये, आणि हात साबणानं धुवावेत.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी मावशींनी तांदळाच्या रजिस्टरवर नव्या पेनाने सही केली. मग त्या मागची पानं उलटू लागल्या. वर्षाची, दोन वर्षांची. एका पानावर निळा अंगठा दिसला. त्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्यो बी माझाच. पुसू नगा." पेन कमरेच्या पिशवीत, किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी खोचलं, आणि खिचडी लागेल म्हणून लगबगीनं चुलीकडे गेल्या.