उन्हाळ्यातील दीर्घ पल्ल्याच्या धावण्याचा सराव : घाम, पाणी आणि वेग

बीजसंज्ञा : दीर्घ पल्ल्याचे धावणे, उष्णता-अनुकूलन, बाष्पीभवन, आर्द्रता, उष्माघात.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन धावपटूचे वर्ष काहीशा विचित्र रीतीने बेतलेले असते. आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्री स्पर्धा पावसाळा सरता सरता येतात, साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन सप्टेंबरमध्ये होते, मुंबई मॅरेथॉन जानेवारीत. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीचा पाया मात्र चार-पाच महिने आधी घालावा लागतो. म्हणजे परीक्षा आटोपून विद्यार्थ्याला जेव्हा खराखुरा मोकळा वेळ मिळतो, नेमक्या त्याच एप्रिल-मे महिन्यांत हा पाया घालण्याची वेळ येते. ज्यांना साधने उपलब्ध आहेत ते खेळाडू उन्हाळ्यापासून दूर जातात. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातून पुढे आलेला अविनाश साबळे याने आपल्या तयारीचा मोठा काळ उटी आणि अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज अशा थंड व उंच ठिकाणी घालवला. सामान्य महाविद्यालयातील विद्यार्थ्याला ही सोय नसते. तो आपल्याच गावाच्या डांबरी रस्त्यावर धावतो. आणि केव्हा, किती, कसे धावायचे हे त्याला बहुधा क्रीडा संचालकांकडून किंवा एखाद्या हौशी प्राध्यापकाकडून कळते.

ही जबाबदारी लहान नाही. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर चार उमेदवारांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर चाचणीचे अंतर कमी करण्यात आले. प्रत्येक मृत्यूमागील वैद्यकीय कारणे वेगळी असू शकतात. तथापि अशा भरतीची तयारी करणारे शेकडो तरुण महाविद्यालयांच्याच मैदानांवर धावत असतात, ही बाब नजरेआड करता येत नाही. उन्हाळ्यात शरीरात नेमके काय घडते आणि त्यानुसार सरावाचे कोणते माप बदलावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गळणारा घाम आणि उडणारा घाम

मराठीत कष्टाला ‘घाम गाळणे’ म्हणतात आणि मैदानावरही हाच अर्थ रूढ आहे. ज्याचा बनियन पिळून निघतो त्याचा सराव चांगला झाला, असे मानले जाते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहता हा समज उलटा आहे. अंगावरून गळून पडणारा घाम शरीराला जवळजवळ काहीच थंडावा देत नाही. जो घाम त्वचेवरच वाफ होऊन उडून जातो तोच उष्णता घेऊन जातो.

थोडा हिशेब केल्यास हे स्पष्ट होते. धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे साधारणतः १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. ६० किलो वजनाचा धावपटू ताशी १२ किलोमीटर वेगाने धावला तर तासाला सुमारे ७२० किलोकॅलरी खर्ची पडतात. त्यांपैकी जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो. उरलेली सुमारे ५४० किलोकॅलरी निव्वळ उष्णता असते. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर दर पाच-सहा मिनिटांनी शरीराचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढेल. ती बाहेर टाकण्याचा उन्हाळ्यातील मुख्य मार्ग म्हणजे बाष्पीभवन. १ लिटर घाम पूर्णपणे उडून गेला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. म्हणजेच या धावपटूच्या अंगावरून तासाला जवळजवळ १ लिटर घाम उडून जायला हवा. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाहून, म्हणजे साधारण ३५ अंशांहून अधिक झाले की हवेकडूनच शरीराला उष्णता मिळू लागते आणि सारी भिस्त या एकाच मार्गावर राहते.

हा मार्ग बंद केल्यास काय होते, याचे एक जुने उदाहरण १९१२ सालच्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये सापडते. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो मॅरेथॉनमध्ये कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून त्याने अंगाला चरबीचा थर चोपडला होता, असे सांगितले जाते. उन्हाला अडवू पाहणारा तो थर घामालाही अडवणारा होता.

विदर्भ आणि कोकण

‘आज पारा किती आहे?’ हा प्रश्न सरावापुरता अपुरा आहे. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूर येथे दुपारी तापमान ४३-४५ अंशांपर्यंत जाते, तर रत्नागिरी किंवा मुंबईत ते ३३-३४ अंशांच्या आसपास असते. यावरून कोकणातील सराव सुखाचा असे अनुमान निघू शकते. परंतु माठाचा अनुभव वेगळेच सांगतो. नागपुरात माठातले पाणी गारेगार होते आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली थंड करतो. तोच कूलर दादरच्या खोलीत लावला तर भिंतींना ओल येते आणि अंग चिकट होते. मातीच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी उडून जाण्यासाठी कोरडी हवा लागते. धावपटूची त्वचाही माठासारखीच आहे. कोकणात घाम भरपूर येतो, गळतोही. पण उडत नाही.

दोन्ही प्रदेशांतील धोके भिन्न असल्याचे यावरून दिसून येते. विदर्भात घाम चटकन उडून जात असल्यामुळे किती पाणी गेले हे धावपटूच्या ध्यानात येत नाही, अंग कोरडेच वाटते; तेथे पाणी कमी पडण्याचा आणि थेट उन्हाचा धोका मोठा. कोकणात धोका असतो तो तुलनेने सौम्य दिसणाऱ्या सकाळी शरीराचे तापमान चढत जाण्याचा. पहाटे हवा सर्वांत थंड असते हे खरे, परंतु सापेक्ष आर्द्रता त्याच वेळी सर्वाधिक असते. २०१९ च्या दोहा येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन ऊन टाळण्यासाठी मध्यरात्री सुरू करण्यात आली. ऊन टळले, पण सुमारे ३२ अंश तापमान आणि ७० टक्क्यांहून अधिक आर्द्रता टळली नाही. ६८ धावपटूंपैकी केवळ ४० जणींनी शर्यत पूर्ण केली. त्याच वर्षी ऑलिम्पिक समितीने टोकियोच्या मॅरेथॉन उत्तरेकडील साप्पोरो येथे हलवण्याचा निर्णय घेतला. तरीही प्रत्यक्षात २०२१ मध्ये महिलांच्या शर्यतीची वेळ आदल्या संध्याकाळी सातवरून सहावर आणावी लागली.

तापमान, आर्द्रता आणि ऊन यांचा एकत्रित विचार करणारा एक निर्देशांक १९५० च्या दशकात अमेरिकेतील लष्करी भरतीच्या प्रशिक्षणासाठी तयार झाला. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाच्या नोंदीला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातील नोंदीला २० टक्के आणि सावलीतील साध्या तापमानाला अवघे १० टक्के महत्त्व दिले जाते. वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या पाऱ्याचा वाटा किती थोडा आहे, हे यावरून समजते. पदार्थविज्ञान किंवा भूगोल विभागात शुष्क-आर्द्र तापमापक बहुधा असतोच; तो आठवड्यातून दोनदा मैदानापर्यंत नेणे अशक्य नाही.

अनुकूलन : दहा ते चौदा दिवस

उष्णतेची सवय होते, हे सर्वांना ठाऊक आहे. ती मनाची नव्हे तर रक्ताची, हृदयाची आणि घामग्रंथींची सवय असते, हे मात्र फारसे लक्षात घेतले जात नाही. या विषयीचे प्रारंभिक पद्धतशीर ज्ञान दक्षिण आफ्रिकेतील खोल सोन्याच्या खाणींतून आले. तेथील उष्ण व दमट भुयारांत कामगार उष्माघाताने मरत; त्यामुळे नव्या कामगारांना टप्प्याटप्प्याने उष्णतेत कामाला लावण्याच्या पद्धती बसवल्या गेल्या. आज खेळाडूंच्या कामी येणारे हे शास्त्र मजुरांच्या शरीरांवर, आणि तेही नफ्याच्या हिशेबासाठी घडले, याची नोंद क्रीडाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

उष्णतेत रोज तासभर मध्यम श्रम केल्यास पहिल्या पाच-सहा दिवसांतच रक्तद्रवाचे प्रमाण वाढते. धावताना रक्त एकाच वेळी स्नायूंना आणि त्वचेला पुरवावे लागते. रक्तद्रव वाढल्याने हृदयावरचा ताण उतरतो आणि त्याच वेगाला नाडीचे ठोके कमी पडतात. त्यानंतर घाम लवकर सुटू लागतो, अधिक येतो, आणि त्यातील मिठाचे प्रमाण घटते. हे सर्व स्थिरावण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. कमावलेले अनुकूलन टिकवावेही लागते. आठवडाभर खंड पडला की त्यातील काही भाग ओसरतो आणि तीन-चार आठवड्यांत बराचसा नाहीसा होतो. सुटीत लग्नसराईत महिना घालवून जूनमध्ये परतलेल्या विद्यार्थ्याला एप्रिलच्या जोरावर धावू देणे म्हणूनच चुकीचे ठरते. जुलाब किंवा ताप येऊन गेलेल्या, अपुरी झोप झालेल्या विद्यार्थ्यालाही हेच लागू पडते.

व्यवहारात पहिला आठवडा वीस ते तीस मिनिटांच्या सावकाश धावण्याचा असावा. बोलता बोलता धावता येईल, इतपतच वेग. दुसऱ्या आठवड्यात हा काळ तासापर्यंत न्यावा. जलद टप्पे आणि चढाचा सराव त्यानंतर, तोही पहाटेच. निव्वळ पहाटेच्या धावण्याने उष्णतेचे अनुकूलन अर्धवटच होते, म्हणून आठवड्यातून दोन-तीन वेळा सूर्य कलल्यावर हलका सराव ठेवता येतो; डांबरी रस्ता त्या वेळीही तापलेला असतो, म्हणून मातीचे मैदान बरे. भर दुपारी धावल्याने ‘काटकपणा’ येतो या समजुतीला शास्त्रीय आधार नाही.

येथे एका अडचणीचा उल्लेख आवश्यक आहे. पहाटे पाचची वेळ सर्वांत योग्य, हे लिहिणे सोपे आहे. पण ग्रामीण भागातील विद्यार्थिनीला अंधारात मैदानावर येणे सुरक्षितही नसते आणि घरच्यांना मान्यही. मग ती सातनंतर, ऊन चढल्यावर धावते, आणि तिचा वेग मुलांच्या मानाने घसरला की ती मेहनत घेत नाही असा शेरा मारला जातो. प्रश्न येथे मैदानावरील दिव्यांचा आणि सोबतीचा आहे, तिच्या मेहनतीचा नाही.

घड्याळाचे माप

उन्हाळ्यातील सर्वांत मोठी चूक कोणती, तर हिवाळ्यातील वेळा समोर ठेवून सराव घेणे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या गॅलोवे व मॉन यांच्या प्रयोगात सायकल चालवणारे तरुण सारख्याच श्रमपातळीवर ११ अंश तापमानात सरासरी सुमारे ९४ मिनिटे टिकले, तर ३१ अंशांत सुमारे ५२ मिनिटे. व्यक्ती त्याच होत्या, बदलली ती फक्त हवा. जानेवारीत ५ मिनिटांत किलोमीटर धावणाऱ्या विद्यार्थ्याने मे महिन्यात तोच वेग राखावा असा आग्रह धरणे म्हणजे त्याच्याकडे अधिक श्रमांची मागणी करणे होय, आणि अशी मागणी मानणारा आज्ञाधारक विद्यार्थीच अधिक धोक्यात असतो. म्हणून उन्हाळ्यात अंतर आणि वेळ यांऐवजी नाडीचे ठोके, श्वास आणि बोलता येते की नाही यांवरून सराव मोजावा. ठरावीक मार्गावर त्याच नाडीला वेग हळूहळू वाढत असेल तर सराव लागू पडत आहे, असे समजावे. घड्याळ हिवाळ्यात पुन्हा उपयोगी पडतेच.

पाणी : दोन्ही बाजूंच्या चुका

धावताना पाणी प्यायल्याने पोटात गोळा येतो, दम तुटतो, म्हणून पाणी वर्ज्य करणारी शिस्त अनेक मैदानांवर अजूनही टिकून आहे. ती सोडायलाच हवी. परंतु तिच्या उलट टोकाला जाऊन ‘जितके जमेल तितके प्या’ असे सांगणेही घातक ठरू शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले, आणि याचा सर्वांत ठळक संबंध शर्यतीदरम्यान वजन वाढण्याशी, म्हणजे अति पाणी पिण्याशी होता.

योग्य प्रमाण ठरवण्यासाठी एक वजनकाटा पुरेसा आहे. ५८ किलोचा धावपटू तासभर धावला, वाटेत २०० मिलिलिटर पाणी प्याला आणि नंतर त्याचे वजन ५६.९ किलो भरले, तर त्याचा घाम ताशी सुमारे १.३ लिटर. शरीराच्या वजनात २ टक्क्यांहून अधिक घट होऊ नये आणि वाढ तर मुळीच होऊ नये, एवढे पाळले की पुरे. तहान हीदेखील बरीच विश्वासार्ह खूण आहे. तासाभराच्या आतील सरावाला साधे पाणी चालते. त्यापुढे मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत द्यावे. साखरेच्या सोबतीने आतड्यात मीठ व पाणी लवकर शोषले जाते, हेच जलसंजीवनीचे तत्त्व आहे. मीठ घातलेले ताक किंवा पन्हे सरावानंतर उत्तम. महागडी बाटलीबंद पेये आणण्याचे कारण नाही.

उष्माघात झाल्यास

धावपटू अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, विनाकारण चिडला किंवा दिशा विसरला, तर तो उष्माघात आहे असे गृहीत धरावे. ‘त्वचा कोरडी असेल तरच उष्माघात’ हा समज धावपटूंच्या बाबतीत लागू पडत नाही. त्याचे अंग घामाने निथळत असू शकते. काखेत लावलेला तापमापक अशा वेळी आतील तापमान कमी दाखवतो, त्यावर विसंबू नये. पॅरासिटामॉलचाही उपयोग नाही, कारण हा ताप संसर्गाचा नव्हे.

उपचार एकच आणि तातडीचा, तो म्हणजे मानेखालचे सर्व शरीर थंड पाण्यात बुडवणे. अमेरिकेतील फॅल्मथ येथील उन्हाळी शर्यतीत १८ वर्षांच्या काळात उष्माघाताच्या २७४ रुग्णांवर बर्फाच्या पाण्यात बुडवून जागीच उपचार करण्यात आले आणि ते सर्व वाचले. आधी थंड करणे, मग रुग्णालयात नेणे, हा क्रम तेथे पाळला गेला. आपल्याकडे घडते ते बहुधा उलट. पोराला सावलीत झोपवतात, तोंडावर पाणी मारतात आणि गाडीची वाट पाहत बसतात. पहिली तीस मिनिटे त्यातच जातात. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालण्याचा प्रकारही सर्रास घडतो, तो कटाक्षाने टाळावा. मैदानालगत माणूस मावेल असे प्लास्टिकचे टब किंवा हौद, भरलेली पाण्याची टाकी, जवळच्या दुकानातून बर्फ आणण्याची ठरलेली व्यवस्था, आणि टब नसल्यास ओल्या चादरी व पाण्याचा पाइप, एवढी सामग्री कोणत्याही महाविद्यालयाला परवडणारी आहे. अट इतकीच की भांडारगृहाची किल्ली पहाटे पाच वाजता मैदानावर हजर असलेल्या माणसाकडे असली पाहिजे.