भाड्यातून हप्ता निघतो का?

"ठाण्यात एक फ्लॅट घेऊन टाका, भाड्यातच हप्ता निघतो," असं सांगणारे एक मामा बहुतेक घरांत असतात. त्यांनी फ्लॅट घेतला तेव्हाचे भाव वेगळे होते. आपण आजचा हिशोब कागदावर मांडू.

समजा, घोडबंदर रोडवरचा फ्लॅट ८० लाखांना मिळतोय. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत पैसे देते, म्हणजे ६४ लाख. वरचे १६ लाख आपले. शिवाय मुद्रांक शुल्क ठाण्यात ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार (मुंबईत ६ टक्के, महिलेच्या नावावर १ टक्का सवलत). नोंदणी फी ३०,०००. दलाली अजून धरलेलीच नाही, तरी २२ लाख गेले. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी वेगळा. मुद्रांक शुल्क कर्जात बसेल असं धरून चालणारे इथेच अडकतात.

आता महिन्याचं गणित. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांचा हप्ता साधारण ५५,५०० येतो. वर्षाचं भाडं किमतीच्या ३ टक्के धरलं, तर महिन्याला २०,०००. त्यातूनच सोसायटीचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर जाणार. म्हणजे दरमहा ३५ ते ४० हजार आपल्याच खिशातून, आणि फ्लॅट रिकामा राहिला तर त्याहून जास्त. हे झेपत असेल तरच पुढे जावं.

झेपत नसेल तर 'रीट' बघा. कार्यालयांच्या इमारती किंवा मॉल मालकीचे असलेला, शेअर बाजारात नोंदलेला हा ट्रस्ट. भारतातला पहिला २०१९मध्ये आला. २०२१पासून यात एक युनिटही घेता येतं आणि वाटपयोग्य रोकडीपैकी किमान ९० टक्के युनिटधारकांना द्यावीच लागते. भाव खालीवर होतो, पण विकायला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही.

गिरगाव-दादरकडे 'पागडीची खोली' स्वस्तात मिळते म्हणून हुरळून जाऊ नका. तिथे आपण भाडेकरू होतो, मालक नाही. पुढे विकताना घरमालकाचा वाटा द्यावा लागतो आणि बँकाही सहसा कर्ज देत नाहीत.

नवीन प्रकल्प असेल तर आधी महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाका. ताबा देण्याची तारीख, ती वाढवली असेल तर तेही, जमिनीवरचा बोजा आणि चालू दावे तिथे दिसतात. लोक चुकतात ते टोकनमध्ये. नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही. "सर, ऑफर रविवारपर्यंतच आहे," असं ऐकून धनादेश लिहू नका. आणि किंमत चटई क्षेत्रफळावर, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेवर, मोजून बघा. बाल्कनी त्यात येत नाही.

जुना फ्लॅट असेल तर खरी मेहनत कागदांची. पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करारनामे सलग हवेत. मधला एक जरी हरवला असेल तर बँक अडते. सोबत शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचा ना-थकबाकी दाखला आणि 'ओसी', म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचं पालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र. इमारतीचं कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आली का, तेही सेक्रेटरींना विचारा. पुनर्विकासाच्या वेळी गाडी तिथेच अडते. हस्तांतरण शुल्क २५,००० रुपयांपेक्षा जास्त मागितलं तर नियम दाखवा; 'देणगी' म्हणून मागितलं तरीही.

व्यवहार ५० लाख किंवा त्यावरचा असेल तर १ टक्का टीडीएस आपणच कापून आयकर खात्यात भरायचा, इथे ८०,०००. पूर्ण रक्कम विक्रेत्याला देऊन बसलात तर दंड आपल्याला. विक्रेता परदेशात स्थायिक असेल तर कपात बरीच जास्त. तेव्हा सीए गाठाच.

भाड्याने देताना 'लिव्ह अँड लायसन्स' करार नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. "ओळखीचाच मुलगा आहे," म्हणून अनेकजण नुसत्या स्टॅम्प पेपरवर भागवतात. नोंदणीच नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करायचं काम आपल्यावर येतं.