दुधाच्या हिशेबाशेजारी एक काळा चौकोन

झाशीच्या मानिक चौकात, राणीमहालाच्या आसपासच्या गर्दीत, आतल्या कपड्यांची खरेदी म्हणजे दोन मिनिटांचा कारभार. गल्ल्यावर पुरुष, मागे ओळखीची काकू. ‘चौंतीस देना’ एवढं म्हणायचं, पुडकं पिशवीत लोटायचं आणि लगेच बांगड्या बघायला लागायचं. कित्येकींचं हे चौतीस लग्नातलं असतं. दोन बाळंतपणं झाली तरी तेच. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरांतल्या बायका बाजार हिंदीत करतात, पण दुखणं मराठीत सांगतात, ‘छाती भरून येते गं’, आणि तेही जावेला. डॉक्टरांपर्यंत ते पोचतच नाही. पोचलं तर एकाच प्रश्नाच्या भीतीने: कॅन्सर तर नसेल?

बहुतेक वेळा नसतो. स्तन दुखण्याचा अनुभव आयुष्यात कधी ना कधी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना येतो. गाठ नाही, नुसतंच दुखणं आहे, तर त्यामागे कॅन्सर क्वचितच निघतो. उलट कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि ‘दुखत नाही ना, मग असू दे’ म्हणून ती राहून जाते. मला ही दुसरी चूक जास्त घातक वाटते.

दुखणं कुठलं, हे ओळखायला वेल्समधल्या कार्डिफच्या डॉक्टरांनी एक साधा तक्ता रूढ केला. महिन्याच्या प्रत्येक दिवसाला एक चौकोन. खूप दुखलं तर पूर्ण काळा, थोडं दुखलं तर अर्धा, नाही दुखलं तर कोरा. पाळीच्या दिवसावर खूण. आपल्याकडे हा तक्ता छापायचीही गरज नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे आणि पाळीची फुली पूर्वीपासून आहेतच. त्यातच हे भरायचं, निदान दोन महिने. रोज, रात्री. आठवून एकदम भरलं की सगळेच चौकोन काळे होतात.

मग चित्र बोलायला लागतं. पाळीआधी आठ-दहा दिवस काळं आणि पाळी येताच कोरं, असं दिसलं तर ते चक्राचं दुखणं. ते बहुधा दोन्ही बाजूंना, वर-बाहेरच्या भागात, काखेपर्यंत जातं. संप्रेरकांच्या चढउताराशी त्याचं नातं आहे. काळे चौकोन कसेही विखुरलेले, दुखणं एकाच बाजूला, एकाच जागी, तर कारण वेगळं. पुष्कळदा ते स्तनात नसतंच. कुशीवर वळून स्तन बाजूला सरल्यावर बरगडी दाबली आणि ‘हेच ते’ वाटलं, तर दुखणं बरगडीच्या सांध्याचं किंवा स्नायूचं. कळशी उचलल्याचं, कणीक मळल्याचं. नव्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या असतील तर तीही तारीख लिहावी.

चौकोन भरत न बसता डॉक्टर गाठायचे ते गाठ लागली, बोंडातून रक्त आलं, बोंड आत ओढलं गेलं, कातडी खळीसारखी खेचली किंवा पाळी गेल्यावर एकाच जागी दुखत राहिलं तर. अंगावर पाजणारीला ताप येऊन स्तन लाल झाला तर त्याच दिवशी. आणि छातीत दाब, घाम, धाप, हाताकडे कळ असेल तर ते हृदयाचं समजून थेट इस्पितळ. बायका हे ‘गॅस’ म्हणून घालवतात.

उपचार बहुतेकींना लागतच नाही. तपासून ‘काळजी नको’ ऐकलं की निम्मं दुखणं उतरतं. नीट मापाची ब्रा दिवसा, व्यायामाला घट्ट आधाराची, गरज पडली तर डॉक्टरांना विचारून वेदनाशामक जेल. प्रिमरोझ तेलाच्या महागड्या गोळ्यांचा फायदा ठामपणे सिद्ध झालेला नाही. फारच त्रास असेल तर एक औषध आपल्या शेजारचंच आहे: लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत घडलेलं सेंटक्रोमन, १९९१मध्ये ‘सहेली’ नावाने बाजारात आलेली गर्भनिरोधक गोळी. दिल्लीच्या एम्समध्ये ती स्तनाच्या दुखण्यावरही वापरून पाहिली गेली. तिने पाळी लांबते, म्हणून मनाने घ्यायची नाही.

१९६८च्या सुमारास झाशीत सुरू झालेल्या महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणी ओपीडीत बोलायला मिनिटं मोजकीच मिळतात. ‘कधीपासून दुखतं?’ला ‘बरेच दिवस’ म्हणण्यापेक्षा दोन पानं समोर धरलेली बरी. पान फाडू मात्र नका, फोनवर फोटो काढा. मागच्या महिन्याचा दूधवाल्याचा हिशेब अजून मिटलेला नसतो.