मुंबईतला आकडा मालवणच्या शाळेत चालतो का?

औषधाची चाचणी घेतात तशी शिकवण्याच्या पद्धतीची घेता येते का? पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करत असाल, तर एक उदाहरण नीट समजून घ्या.

‘प्रथम’ संस्थेचा बालसखी कार्यक्रम. मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत वस्तीतलीच एखादी तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज साधारण दोन तास वेगळं बसवून वाचन आणि गणिताचा पाया पक्का करून घ्यायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी २००१ ते २००३ या काळात तो तपासला. वडोदऱ्यात निम्म्या शाळांत बालसखी तिसरीला, उरलेल्यांत चौथीला. कुठली शाळा कशात, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. म्हणजे कुठलीच शाळा रिकाम्या हाती राहिली नाही आणि तुलनेला बिनबालसखीचा वर्गही मिळाला. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

दुसऱ्या वर्षी गुण सरासरी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. म्हणजे किती? शंभर मुलांत खालून पन्नासावं असलेलं मूल साधारण एकसष्टावं होतं. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने मात्र फरक ०.१ च्या आसपास उरला. पेपर वाचताना हा दुसरा आकडाही शोधायची सवय लावा.

हे सगळं मी उत्साहाने आमच्या वाडीतल्या शाळेच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “चार इयत्ता मिळान नऊ पोरां. तुझी बालसखी खंय बसवू?”

प्रश्न बिनतोड. सिंधुदुर्गात अशा छोट्या शाळा भरपूर आहेत, आणि तिथे वेगवेगळ्या इयत्तांची मुलं एकत्रच बसतात. मग ०.२८ हा आकडा इथे आणून उपयोग नाही. आणायचं ते त्यामागचं कारण. पुढे बिहार-उत्तराखंडमध्ये सरकारी शिक्षकांना नुसतं साहित्य आणि प्रशिक्षण दिलं, तर फारसं काही हललं नाही. हरियाणात पातळीनुसार गट करून त्यासाठी रोज वेगळा तास राखला, तेव्हा हिंदी वाचन सुधारलं. म्हणजे तो राखलेला वेळ महत्त्वाचा असावा. बाईंकडे नेमका तोच नाही. पोषण आहार, माहितीचे तक्ते, सगळं त्यांच्याच अंगावर.

मी सुचवलं, जूनमध्ये आणि दिवाळीआधी प्रत्येकाचं वाचन ऐकून नोंद ठेवा. बाईंनी कपाटातून वही काढली. अकरा वर्षांच्या नोंदी होत्या! त्यात तुलनेचा गट नाही, आणि मुलं वयानुसारही सुधारतातच. या वहीतून काय काढता येईल, त्यावर सध्या डोकं खपवतेय. तुम्हाला सुचलं तर कळवा.