अकरावीचा विषय आणि विद्यापीठाचे दार

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये असताना बाबासाहेबांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य विद्यार्थ्यास संस्कृत शिकविण्यास शिक्षकांनी नकार दिला आणि त्यांना पर्शियन घ्यावी लागली. १९०७ साली ते मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झाले. संस्कृतचा अभ्यास मात्र पुढे त्यांना स्वतःच्या बळावर करावा लागला. आज आपल्या मुलांना असा विषय कोणी नाकारीत नाही. ती स्वतःच तो सोडून देतात, आणि बहुधा तो विषय गणित असतो.

वाणिज्य शाखेचे उदाहरण घेऊ. अकरावीत पुस्तपालन, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन यांच्या जोडीला गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे मुलांच्या भाषेत एसपी, यांपैकी एकाची निवड करावयाची असते. दहावीच्या गणिताने धसका घेतलेली मुले एसपी घेतात. मुंबई विद्यापीठाच्या बी.कॉम.ला त्यामुळे काही अडत नाही, म्हणून आपण काय गमावले हे त्या दिवशी कोणालाच कळत नाही. आमच्या वसतिगृहातील एका मुलीला ते बारावीनंतर कळले. गुण उत्तम होते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राची ऑनर्स पदवी घेण्याची तिची इच्छा होती. त्या पदवीसाठी बारावीला गणित असावे लागते, आणि २०२२ पासून सुरू झालेल्या सीयूईटी या प्रवेशपरीक्षेतही गणिताची उत्तरपत्रिका द्यावी लागते. अर्ज तेथेच थांबला. अर्थशास्त्र, म्हणजे बाबासाहेबांचाच विषय! दहावीत असताना हे तिला आम्ही सांगावयास हवे होते. ती चूक आमची.

विज्ञान शाखेत वाटा अधिक स्पष्ट आहेत. अभियांत्रिकीसाठी राज्याच्या सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हा गट द्यावा लागतो. वैद्यकीय शिक्षणासाठी गणिताऐवजी जीवशास्त्र, नीट परीक्षा आणि बारावीला या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गास ५० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गास ४० टक्के गुण. औषधनिर्माणशास्त्रास दोहोंपैकी कोणताही गट चालतो. ज्याचे मन ठरलेले नाही त्याने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावेत, असे आम्ही सांगतो. ओझे वाढते खरे, पण दोन वर्षांचेच.

कला शाखेला कमी लेखणाऱ्या पालकांशी आमचे नेहमी मतभेद होतात. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमास कोणत्याही शाखेची बारावी चालते. अनुसूचित जातीच्या उमेदवारास ४० टक्के गुण पुरतात. मात्र विज्ञानातून कलेकडे येता येते, कलेतून विज्ञानाकडे परतता येत नाही, हे मुलांना आधी ठाऊक असावे.

२००९ साली एन.आर.सी. बंद पडल्यानंतर मोहने परिसरातील अनेक घरांत मुलाने लवकर कमवावे, हीच पहिली चिंता राहिली. अशा घरांसाठी दहावीनंतरची तंत्रनिकेतनाची पदविका गौण नव्हे; ती पूर्ण करणाऱ्यास अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज निकालाची वाट न पाहता अकरावीतच करावा.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपण कोणत्या शाखेत गेलात, कोणता विषय सोडल्याने कोठे अडलात, हे सांगण्यासाठी उन्हाळी सुटीपूर्वी नववीच्या वर्गात एक तास येऊन बसावे. दिवस आपण कळवा, वेळापत्रक आम्ही बदलून घेऊ.