हरळीला मुळे धरू द्या

गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात, जुन्या तटबंदीच्या आत, हैदराबाद गोल्फ असोसिएशनचे 18 होलांचे मैदान आहे. अशा मैदानाची जुनी हिरवळ काढून नवी लावली, की सदस्य एकच विचारतात: खेळ कधी सुरू होणार? उत्तर बहुधा डोळ्यांनी ठरते. माती झाकली गेली, रंग चढला, आता उघडा. पण रंग पात्यांचा असतो आणि खेळाचा भार पेलतात मुळे. म्हणून मैदान उघडण्याचा दिवस मुळांवरून ठरावा, आणि हैदराबादेत तर तो ऋतू पाहूनच ठरायला हवा.

उष्ण प्रदेशातल्या गोल्फ मैदानांवर सहसा बर्म्युडा गवत असते, म्हणजे आपल्या हरळीचेच कूळ. शेतकरी म्हणेल, हरळी कुठे मरते? रानातली मरत नाही, कारण तिला कोणी रोज कापत नाही. ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, मात्र जॉर्जियातल्या टिफ्टनला निघालेल्या 1965च्या टिफड्वार्फसारख्या संकरित जाती लावतात. त्यांना उगवणारे बी धरत नाही, लागवड कांड्यांपासून होते. हे गवत शेवटी तीन-चार मिलिमीटरवर कापायचे असते. एवढ्या तोकड्या पात्याला अन्न कमी तयार करता येते, आणि त्याची झळ आधी मुळांना लागते. म्हणून कापणीची उंची टप्प्याटप्प्याने खाली आणावी लागते. मधल्या काळात वाळूचे पातळ थर देऊन पृष्ठभाग सपाट करतात, हलके रोलर फिरवतात, आणि कांड्यांची घट्ट वीण तयार होऊ देतात. ही वीण नसेल तर उंचावरून पडलेला चेंडू खळगा पाडतो आणि बुटाच्या पिळाने गवत मुळासकट सुटते. पार 72च्या, म्हणजे 72 फटक्यांत फेरी पुरी व्हावी अशा मैदानावर हिशेबाने होलामागे दोन, असे 36 फटके ग्रीनवरचेच. सगळी वर्दळ त्या छोट्याशा जागेवर येते.

घाईची किंमत क्रिकेटने पाहिली आहे. धर्मशाळेच्या मैदानावर नवी हिरवळ पुरेशी दाट झाली नाही, म्हणून मार्च 2023चा भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी सामना इंदूरला हलवला गेला. तो निर्णय मला योग्य वाटतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात विश्वचषकाचे सामने तिथे झाले, तेव्हा सूर मारणाऱ्या क्षेत्ररक्षकांखाली हिरवळ उचकटली आणि खेळाडूंनी दुखापतीची भीती उघड बोलून दाखवली.

सदस्यांची तक्रार खोटी नाही. वर्गणी चालू आणि मैदान बंद, शिवाय हैदराबादेत गोल्फचा खरा हंगाम हिवाळ्याचा. अडचण अशी की हे उन्हाळी गवत आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पंधरा अंशांच्या आसपास उतरतात आणि त्याची वाढ मंदावते. सप्टेंबरात लावून डिसेंबरात उघडलेल्या ग्रीनची जखम ऊन तापेपर्यंत भरत नाही, म्हणजे ज्या हंगामासाठी घाई केली तोच हातचा जातो. लागवड मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला केली, तर गवताला पूर्ण वाढीचे महिने मिळतात. मुसळधार सरींत कांड्या वाहून जाऊ नयेत एवढी काळजी मात्र घ्यावी लागते. तयार हिरवळीचे रोल अंथरले की प्रश्न मिटतो, असेही सांगतात. फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या मोकळ्या पट्ट्याच्या, उतारांवर ते उपयोगी आहेत. ग्रीनवर मात्र रोलसोबत आलेली चिकट माती खालच्या वाळूवर वेगळा थर बनून पाणी अडवते, आणि रोलची मुळे त्या वाळूत उतरायला वेळ लागतोच. तेव्हा कंत्राटात नुसती उद्घाटनाची तारीख घालू नये. ग्रीनमधून मातीचा गोल तुकडा काढून मुळे किती खोल गेली ते मोजायचे, आणि ठरलेली खोली गाठल्यावरच खेळ सुरू करायचा, ही अट त्यात असावी.