झेरॉक्स झाल्या, आता बोलायचं काय?

आमच्या पवनीत नोकरीची जाहिरात निघाली की सगळ्यात आधी झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होते. गुणपत्रिका, टी.सी., जातीचा दाखला, आधार कार्ड, सगळ्याच्या प्रती निघतात. मुलीचे बाबा सेतू केंद्राच्या दोन चकरा मारतात, आई डब्यात जपून ठेवलेले पैसे फॉर्मसाठी काढून देते. फाईल अगदी जय्यत तयार होते. पण साहेबांसमोर बसल्यावर बोलायचं काय, याची तयारी मात्र कोणाच्याच घरी होत नाही. "वेळ आली की सुचते" म्हणत पोरगी निघते आणि "स्वतःबद्दल सांगा" या पहिल्याच प्रश्नाला तिच्या तोंडचं पाणी पळतं.

मी गृहिणी आहे. बचत गटांच्या कामामुळे गावोगावच्या बायकांमध्ये उठबस असते. मुलाखतीचा फोन आला की मुली माझ्याकडे येतात. त्यात नुकत्याच बी.ए. झालेल्या असतात, तशा मुलं मोठी झाल्यावर पस्तिशीत पहिल्यांदा घराबाहेर पडणाऱ्याही असतात. या सगळ्यांशी बोलून माझं एक मत पक्कं झालंय. आपल्या बायकांकडे सांगण्यासारखं काम भरपूर असतं. फक्त ते 'काम' म्हणून सांगायची सवय नसते.

आधी बघा, मुलाखत आहे का?

मैत्रिणींनो, तयारीच्याही आधीची ही गोष्ट. आमच्या भागातल्या एका घराने मुलीच्या नोकरीसाठी धानाची शेती गहाण टाकली. "मुलाखतीचं मी पाहून घेतो" म्हणणारा एक जण भेटला होता. पैसे गेले, नोकरी नाहीच. आणि वाईट याचं वाटतं, की ज्या पदासाठी पैसे दिले, त्या पदाला मुलाखतच नव्हती!

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क', गट 'ड' आणि गट 'ब'मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या आहेत. आपल्याकडे पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी आणि लेखी परीक्षा असते. तलाठी आणि जिल्हा परिषदेची २०२३ ची भरती संगणकावरच्या परीक्षेने झाली. अंगणवाडी सेविका-मदतनीस निवडीत बारावी पास आणि त्याच गावची रहिवासी ही अट असून यादी गुणांवर लागते. मग 'मुलाखतीत बसवून देतो' हा माणूस नेमकं कुठे बसवणार आहे?

मुलाखत असते ती खासगी कंपन्यांत, रोजगार मेळाव्यात, बँकेच्या अधिकारी पदांना, एमपीएससीच्या राज्यसेवेला. शिक्षक भरतीच्या 'पवित्र' पोर्टलवर मुलाखतीसह आणि मुलाखतीशिवाय असे दोन प्रकार आहेत. माविमच्या लोकसंचालित साधन केंद्रात लेखापाल, सहयोगिनी अशा जागा निघतात, तिथेही समोर बसून बोलावं लागतं. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. निवडीची पद्धत त्यात लिहिलेली असते. 'महास्वयम'वर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, मेळाव्याला जायलाही नाही. पैसे मागणाऱ्याला दारातूनच रामराम करा.

सासरचं नाव, माहेरचे कागद

लग्न झालेल्या मुलींचं घोडं हमखास इथे अडतं. दहावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार कार्ड सासरच्या नावाचं. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रात केलेली नावाची नोंद जोडावी लागते. ग्रामपंचायतीत किंवा नगर परिषदेत लग्नाची नोंद केली नसेल तर या आठवड्यातच करा. जातीचा दाखला मात्र वडिलांकडूनच चालतो, नवऱ्याच्या जातीवरून नाही. नॉन-क्रिमीलेअरची मुदत तपासा. खुल्या गटातल्या बायकांना महिला आरक्षणासाठी लागणारी नॉन-क्रिमीलेअरची अट राज्य सरकारने २०२३ मध्ये काढून टाकली, हेही ध्यानात असू द्या.

मूळ कागद दाखवायला न्यायचे, देऊन यायचे नाहीत. "ओरिजिनल आमच्याकडे जमा करा" असं कोणी म्हटलं तर तिथे नोकरी धरण्याआधी दहादा विचार करा.

"काही नाही करत जी, घरीच राहतो"

आमच्या झाडीपट्टीत बायका "मी जातो, मी करतो" असंच बोलतात. नागपूरच्या पुढे गेलं की लोकांना त्याचं हसू येतं, म्हणून मुली तोंडच उघडत नाहीत. मी त्यांना सांगते, आपली बोली लाजायची गोष्ट नाही. सावकाश बोला, वाक्य पूर्ण करा. पुस्तकी मराठी जमत असेल तर बोला, पण तिच्या धाकाने गप्प बसू नका.

खरी अडचण बोलीची नाहीच. ती 'काही नाही करत' या तीन शब्दांची आहे. मागे एका गटाच्या सचिव असलेल्या ताईंना मी विचारलं, "मुलाखतीत स्वतःबद्दल काय सांगाल?" त्या म्हणाल्या, "काय सांगू जी? घरीच राहतो." मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो आणि त्यांचं उत्तर असं तयार झालं:

"मी पाच वर्षांपासून आमच्या बचत गटाची सचिव आहे. गटात बारा जणी आहोत. महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये, म्हणजे वर्षाला अठ्ठावीस हजार आठशे रुपये बचत होते. रजिस्टर मी लिहिते, बँकेचे व्यवहार मी पाहते. मध्यंतरी दोघींचे हप्ते थकले. धान विकल्याशिवाय त्यांच्या हातात पैसा येत नव्हता. मी बैठकीत विषय मांडला आणि त्यांचे हप्ते धानाच्या हंगामाप्रमाणे बांधून घेतले. डिसेंबरात थकबाकी फिटली."

बाई तीच, काम तेच. पण आता समोरच्याला कळतं की हिला हिशेब येतो, माणसं सांभाळता येतात. कोणत्याही प्रश्नाला हाच साचा वापरा: काय अडलं होतं, मी काय केलं, त्यातून काय झालं. जमेल तिथे आकडा सांगा. कॉलेजच्या मुलींनी एन.एस.एस.चं शिबिर, घेतलेल्या शिकवण्या, बाबांच्या किराणा दुकानाची लिहिलेली उधारीची वही यातलं काहीही सांगावं. मात्र जे केलं तेवढंच. खोटं दुसऱ्याच प्रश्नात उघडं पडतं.

दोन मिनिटांचं हे उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा स्वतःचाच आवाज परका वाटेल. पाचव्यांदा सवय होईल. एखादं उत्तर येत नसेल तर "हे मला माहीत नाही, शिकून घेईन" एवढं सरळ सांगायचं. मान खाली घालून पदराशी खेळत बसण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आपल्या गावाबद्दलही विचारतात बरं का! पवनीची मुलगी म्हटल्यावर वैनगंगा तर सांगालच. पण १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूप सापडला, गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झालं, आणि उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य २०१२ मध्ये जाहीर झालं, हेही सांगता आलं पाहिजे.

लग्न कधी करणार?

हा प्रश्न मुलाला कोणी विचारत नाही. मुलीला विचारतात. "लग्न झालं की सोडून जाल", "लेकरं लहान आहेत, जमेल का?" अशा वेळी रागाने उत्तर दिलं तर नोकरी जाते आणि रडू आलं तरी जाते. शांतपणे सांगायचं, "कामाच्या वेळा मी पाहिल्या आहेत. घरची व्यवस्था लावूनच अर्ज केलाय." आणि गाडी परत कामावर आणायची.

१९७४ ची गोष्ट. टेल्को कंपनीने इंजिनिअरांसाठी जाहिरात दिली, त्यात महिलांनी अर्ज करू नये असं छापलेलं होतं. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. त्यांना मुलाखतीला पुण्यात बोलावलं गेलं. तिथे प्रश्न विचारले ते विषयातले. त्यांनी उत्तरं दिली आणि नोकरी मिळाली. धीटपणामुळे दार उघडलं, पण आत पाऊल पडलं ते तयारीमुळे. दोन्ही लागतं.

एकाच कामाला बाई म्हणून कमी पगार देणं किंवा बाई म्हणून भरतीत डावलणं याला १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली होती. आज तेच तत्त्व वेतन संहितेत आहे. बाळंतपणाची भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २०१७ पासून सव्वीस आठवडे आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती असावी लागते, हा कायदा २०१३ चा. मुलाखतीत हे कायदे ऐकवायचे नसतात. पण आपल्याला ठाऊक असले की खुर्चीत पाठ ताठ राहते.

पगार विचारायला लाजू नका

भाजी घेताना दहा रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण, पगाराचा विषय निघाला की "तुम्ही द्याल ते" म्हणून मोकळ्या होतो. शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हटलं की हे विचारा: हातात किती पडणार? पी.एफ. कापणार का? ई.एस.आय.सी. आहे का? पाळी कोणती, रात्रीची असेल तर गाडी कंपनीची की आपली? बाहेरगावी राहायची सोय आहे का? नेमणुकीचं पत्र कधी मिळेल? दहा हजार हातात आणि चार हजार खोलीभाड्यात, अशी नोकरी परवडते का ते घरी वही घेऊन मांडून बघा.

मुलाखत भंडाऱ्याला किंवा नागपूरला असेल तर पहिली एसटी धरा. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. जमलं तर आदल्या दिवशीच पत्ता बघून या. नेहमीची सुती साडी किंवा पंजाबी ड्रेस पुरेसा आहे. मुलाखतीसाठी घेतलेली नवी कडक साडी सावरण्यातच अर्धं लक्ष जातं.

नोकरी लागली, पुढे काय?

आपल्याकडे नोकरी लागली की पेढे वाटून विषय संपतो. पण मदतनीस म्हणून लागलेली बाई मदतनीस म्हणूनच निवृत्त झाली पाहिजे असं कुठे आहे? २०२२ च्या 'सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०'च्या मार्गदर्शक सूचनांत पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा सेविकांमधून आणि सेविकांच्या निम्म्या जागा मदतनिसांमधून बढतीने भरायचं म्हटलं आहे. त्यासाठी अनुभव लागतो, तसंच शिक्षणही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घर आणि काम सांभाळून पदवी घेता येते. आशा ताईंमधून गटप्रवर्तक झालेल्या बायका आहेतच. खासगी नोकरीतही वर्षभरात काय नवीन शिकलो ते एका वहीत लिहीत जा. पगारवाढ मागताना तीच वही कामाला येते. नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

या रविवारी एक करा. जेवणं आटोपली की मुलीला, सुनेला किंवा जावेला समोर बसवा आणि साहेबाच्या थाटात विचारा, "हं, स्वतःबद्दल सांगा." पहिल्यांदा दोघी हसाल. हसून झालं की पुन्हा विचारा. आणि उत्तर 'काही नाही' पासून सुरू झालं, तर तिथेच थांबवून तिला म्हणा, "सकाळपासून काय काय केलंस, ते मोज आधी."